पाठीमागची खटखट

आवाजांच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी सधन आहे. दार करकरते, नवी चप्पल कुरकुरते, खिशात नाणी खुळखुळतात, म्हाताऱ्या माणसाची छाती घरघरते आणि बैलगाडी खडखडत जाते. व्याकरणकार या शब्दांना अनुकरणवाचक असे नाव देऊन एका कोपऱ्यात बसवतात. पण मला ते नेहमीच मोठ्या कामाचे शब्द वाटत आले आहेत. नुसता शब्द उच्चारला की आवाजाच्या पोटात काय आहे ते कळते. खुळखुळ म्हटले की काही लहान वस्तू मोकळ्या आहेत. कुरकुर म्हटले की दोन कोरड्या वस्तू एकमेकींवर घासत आहेत. आणि खटखट म्हटले की दोन टणक वस्तू आहेत, त्या एकमेकींना धरून असायला हव्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये कुठून तरी थोडीशी रिकामी जागा शिरली आहे.

या थोड्याशा रिकाम्या जागेची हकीकत मला आज सांगायची आहे. ती माझ्या मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी कुठे तरी होती, आणि तिच्यापायी आमच्या घरातली एक भाऊबीज अडून बसली होती.

आम्ही घोडेगावचे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की जेऊर मागे पडते, इमामपूरचा घाट उतरतो, पांढरीचा पूल येतो आणि मग आमचे गाव. गावाला घोडेश्वरी देवीचा आशीर्वाद आहे, कांद्याचा बाजार आहे, आणि शुक्रवारी भरणारा जनावरांचा बाजार तर लांबलांबच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. शनिशिंगणापूरचा फाटाही आमच्याच गावातून फुटतो. त्यामुळे शुक्रवारी म्हशी, शनिवारी भाविक आणि उरलेल्या दिवशी कांद्याचे ट्रक असा आमच्या रस्त्याचा आठवडा असतो. दिवाळी झाली की त्यात उसाच्या ट्रॉल्या मिसळतात. अशा रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्या माणसाने चित्त ठिकाणावर ठेवावे आणि गाडी त्याहून ठिकाणावर ठेवावी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावे लागत नाही.

माझी गाडी साधीच आहे. तिचे नाव सांगत नाही. कारण दोष तिच्या नावाचा नव्हता, वयाचा होता. दहा-बारा वर्षे तिने मला शाळेत नेले आणि आणले. अलीकडे तिच्यावर आणखी एक कामगिरी येऊन पडली आहे. आईने पंच्याहत्तरी ओलांडली. तिचे गुडघे आता एसटीच्या पहिल्या पायरीशीच वाद घालतात. मोटारसायकलवर मात्र ती अजून ऐटीत बसते. गाडी ओट्याला लावायची, आई ओट्यावरून अलगद सीटवर येते, दोन्ही पाय एका बाजूला घेते, पदर खोचते, एक हात माझ्या खांद्यावर ठेवते आणि म्हणते, “चल.” दवाखाना असो, देवीचे दर्शन असो की कुणाच्या घरची बारशाची घुगरी असो, आईचे पाय म्हणजे हीच गाडी.

आणि भाऊबीज. माझे मामा प्रवरासंगमच्या अलीकडे एका खेड्यात राहतात. आईहून चार वर्षांनी लहान. पूर्वी भाऊबीजेला सकाळीच त्यांची सायकल आमच्या दारात लागायची. पुढे सायकल गेली, एसटी आली. पण मामा चुकले नाहीत. तीन वर्षांमागे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून आई ओवाळायला त्यांच्याकडे जाते. “त्यानं इतकी वर्षं वाट तुडवली, आता माझी पाळी,” असे तिचे म्हणणे.

गेल्या वर्षी नवरात्रात आवाज सुरू झाला. गाडी गतिरोधकावरून गेली की मागून खट् असा एकच ठोका. रस्ता उखडलेला असला की त्याच ठोक्यांची माळ. गंमत अशी, की मी एकटा असलो की आवाज जवळजवळ नाही. आई मागे बसली की हटकून. मी पुढे बसणार, डोक्याला शिरस्त्राण, कानात वारा. मागे बसणारा माणूस मात्र मागच्या चाकाच्या अगदी डोक्यावर बसलेला असतो. तो कानांनी ऐकत नाही, हाडांनी ऐकतो. आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अरे, ही गाडी मला खालीवर नाही हलवत. आडवी हलवते.”

त्या वेळी या वाक्याचे मोल किती आहे याची मला काय, तिलाही कल्पना नसावी.

मोठ्या रस्त्यावर एक चकचकीत गॅरेज आहे, तिथे मी गाडी नेली. तिथल्या तरुणाने सीटवर दोन वेळा जोर दिला आणि निकाल सांगितला, “दोन्ही शॉकअप गेले. जोडी बदलावी लागेल.” किंमत ऐकून मी म्हणालो, “विचार करून येतो.” शाळामास्तराच्या घरात दिवाळीच्या तोंडावर पैशाच्या प्रत्येक नोटेला दोन-दोन धनी असतात. घरी आल्यावर सौभाग्यवतीने वेगळाच मार्ग काढला. “नाही तरी आईंनी आता असल्या गाडीवर बसू नये. यंदा भाड्याची मोटार करा, नाही तर मामांना फोनवरून ओवाळा. हल्ली तोंडही दिसतं त्यात.”

आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. ती काही बोलली नाही; पण कोथिंबिरीची काडी काडी वेगळी व्हायला लागली. आमच्या घरात ही वाईट खूण समजतात. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि म्हणाली, “तो पोरगा म्हणतो ते खरं नाही. माझ्या बापाच्या गाडीला कुठं शॉकअप होते? तरी असाच आवाज यायचा.”

“कशाचा?”

“आसाचा. तुंबा आतून झिजला, की चाक आसावर डुलतं. धाव घट्ट असते, आरे घट्ट असतात, वरून सगळं ठाकठीक. पण चाक डुलतं. बैलांना आधी कळतं, मग माणसाला.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पासष्ट वर्षांपूर्वी बैलगाडीच्या साट्यात बसून बाजाराला येणारी एक परकरी मुलगी माझ्या मोटारसायकलचे निदान करीत होती!

वाचकहो, इथे थोडे विषयांतर करू द्या. कारण पुढची गोष्ट कळायला ते हवे आहे. चाक आणि माणूस यांच्यामध्ये काही तरी मऊ असावे ही माणसाची फार जुनी इच्छा. बैलगाडीला ते भाग्य नव्हते. तिच्यात वाळलेले गवत पसरायचे, बाकीचे धक्के हाडांनी सोसायचे. टांग्याला कमानी आल्या आणि नगरच्या स्टेशनावर उतरणारी मंडळी जरा सुखाने गावात शिरू लागली. मोटारसायकलचे पुढचे चाक लवकर स्प्रिंगवर आले. पण मागचे चाक पुष्कळ वर्षे सांगाड्याला जसेच्या तसे जखडलेले असे. सायकलसारखे. मग सीटखाली दोन स्प्रिंगा लावून स्वाराची समजूत काढीत. इंग्लंडात 1949 साली आलेल्या बुलेटला मागे झुलता चिमटा आणि तेलाचे शॉकअप होते. 1950 साली नॉर्टन कंपनीने बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी घडवलेला नवा सांगाडा शर्यतीत उतरवला, तेव्हा हॅरल्ड डॅनियल नावाच्या स्वाराने ही तर पिसांची गादी आहे असा अभिप्राय दिला, आणि त्या सांगाड्याचे नावच ‘पिसांची गादी’ पडले. 1955 साली मद्रासला बुलेट जुळवायला सुरुवात झाली, साठीच्या दशकात जावा आणि राजदूत आल्या, आणि आपल्याकडच्या मास्तर-तलाठ्यांनाही त्या गादीचा लाभ झाला. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना आमच्याच रस्त्यावर, वाळूजला उभा राहिला, आणि मग तर घरटी गाडी झाली.

या गादीची रचना अगदी सोपी आहे. मागचे चाक दोन हातांच्या एका लोखंडी चिमट्यात धरलेले असते. चिमट्याचे दुसरे टोक गाडीच्या सांगाड्यात एका लांब बोल्टवर अडकवलेले असते, आणि तिथे तो बिजागरीवर दार फिरावे तसा वरखाली फिरतो. चिमटा वर आला की दोन्ही बाजूंचे शॉकअप दबतात. शॉकअपमधली स्प्रिंग धक्का झेलते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की एकदा दाबली की ती नाचतच राहते. तिला आवरायला आत तेल असते. ते बारीक छिद्रांतून सावकाश सरकते आणि स्प्रिंगची उसळी जिरवते. म्हणजे स्प्रिंग धक्का सोसते, तेल तो विसरायला लावते, आणि बिजागरी चाकाला सरळ वाटेवर ठेवते. तिघांची कामे वेगळी, दुखणी वेगळी आणि दुखण्यांचे आवाजही वेगळे. आईचे म्हणणे इतकेच होते, की दुखणे स्प्रिंगचे किंवा तेलाचे नाही, बिजागरीचे आहे.

आमच्या गावात बाजारतळाच्या बाजूला एक मिस्त्री बसतात. साठीच्या घरातले. तरुणपणी काही वर्षे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काढलेली, मग गावाची ओढ लागून परत आलेले. त्यांच्या दुकानाला पाटी नाही. टपरीसमोर एक लिंबाचे झाड आहे, तीच पाटी. आई म्हणाली, “मलाही घेऊन चल. आवाज माझ्याजवळ आहे.” त्या दिवशी शुक्रवार होता. बाजार भरलेला. एक व्यापारी म्हैस निरखीत होता. त्याने तिला आधी चालवले, मग वळवले, मग मागे उभा राहून तिची चाल पाहिली. दात त्याने सगळ्यांत शेवटी पाहिले. मिस्त्रींचा रिवाजही नेमका तसाच निघाला. त्यांनी पान्याला हात लावला नाही. स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाले, “बसा मावशी. सर, आवाज कसा येतो ते मंग सांगा. आधी कव्हा येतो ते सांगा.”

मी म्हणालो, “खड्ड्यात.”

“चाकाच्या फेऱ्याबरोबर नाही ना? सपाट डांबरावर टकटक येतंय का?”

“नाही.”

“मंग चेन, बेअरिंग मागं ठेवू. एकटे असताना?”

“जवळजवळ नाही.”

“दाबताना वाजतं का उसळताना?”

हे मला सांगता येईना. आई म्हणाली, “गाडी गतिरोधकावर चढली की नाही. उतरली, की. आणि वळणावर मला असं कुणी तरी ढकलल्यासारखं होतं.” तिने हाताने आडवी खूण केली.

मिस्त्रींनी मान डोलावली. डॉक्टरने रोग्याच्या म्हातारीकडे बघून डोलवावी तशी.

मग त्यांनी जे केले ते मी पायरीपायरीने सांगतो. ज्यांच्या घरी दुचाकी आहे त्यांना उपयोगी पडेल, आणि नसेल त्यांना निदान एका शहाण्या माणसाची काम करण्याची पद्धत कळेल.

आधी फुकटचे आवाज. मडगार्ड, नंबराची पाटी, साडीगार्ड, चेनकव्हर, सायलेन्सरचा बोल्ट, मागचे कॅरिअर. प्रत्येकाला त्यांनी हाताने धरून हलवले. “निम्मे शॉकअप ह्या पाटीच्या स्क्रूपायी बदलले जात्यात,” ते म्हणाले. साडीगार्डचा एक स्क्रू सैल होता, तो आवळला. खटखट त्याची नव्हती. तो नुसता किणकिणत असे.

मग गाडी मेन स्टँडवर, मागचे चाक अधांतरी. चाक हाताने फिरवले. चेन एका जागी ताठ, एका जागी सैल असते, म्हणून चाक फिरवून ती सगळ्यांत ताठ कुठे होते ते पाहिले आणि तिथे तिची सैलाई मोजली. ती साधारण दोन-तीन सेंटिमीटर असावी. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या गाडीच्या पुस्तकात असतो. ती ठीक होती. एका हाताने चाक धरून दुसऱ्याने चेनचे दातेरी चाक पुढेमागे हलवले. आतली रबरे झिजलेली असली तर तिथे ढिलेपणा सापडतो आणि गिअर टाकताना दणका बसतो. तेही ठीक. ब्रेकच्या पाट्याला धरून ठेवणारी दांडी पाहिली. ती सैल असली तर ब्रेक दाबताना ठोका पडतो, आणि तिचा बोल्ट निघाला तर चाक अडकून अनर्थ होतो. तीही घट्ट.

मग खरी परीक्षा. त्यांनी मला चाकाची धाव पुढून आणि मागून धरायला सांगितले, आणि डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगितले. चाक हलले. थोडेच; पण हलले, आणि आतून तो ओळखीचा आवाज आला. खट्.

आई स्टुलावरून म्हणाली, “हाच.”

चाक हलते एवढ्याने निदान होत नाही, हे मला तेव्हा समजले. चाकाचे बेअरिंग गेले तरी चाक असेच हलते, आणि चिमट्याची बिजागरी गेली तरी असेच. दोन्हींत भेद करायचा कसा? मिस्त्रींनी त्यासाठी कुठलेही यंत्र आणले नाही. त्यांनी आपले एक बोट चाक आणि चिमटा यांच्या सांध्यावर ठेवले आणि मला म्हणाले, “हलवा.” मी हलवले. “इथं काही नाही.” मग बोट चिमटा आणि सांगाडा यांच्या सांध्यावर नेले, निम्मे बोट चिमट्यावर, निम्मे सांगाड्यावर. “हलवा.” मी हलवले आणि त्यांच्या चेहऱ्यावर कोडे सुटल्याचे समाधान पसरले. “ठेवा तुमचं बोट.” मी ठेवले. चाक त्यांनी हलवले. बोटाखाली दोन लोखंडे एकमेकांपासून वेगळी सरकत होती. एखाद्या आजाऱ्याची नाडी लागावी तशी ती रिकामी जागा माझ्या बोटाला लागली. डोळ्याला ती दिसत नव्हती.

तरीही ते थांबले नाहीत. चाक खालून उचलून पाहिले. शॉकअपच्या डोळ्यांतली रबरे झिजली तर तिथे वरखाली खेळ सापडतो. नव्हता. गाडी स्टँडवरून काढून सीट जोराने दाबली आणि सोडली. ती एकदा वर आली आणि निमूट थांबली. “तेल शाबूत आहे. गेलं असतं तर दोन-तीनदा नाचली असती. आन् दांडीवर तेलाचा ओघळ असता.” त्यांनी शॉकअपची दांडी कोरड्या फडक्याने पुसून फडके मला दाखवले. ते स्वच्छ होते. शेवटी मागचे चाक उतरवले, शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि नुसता चिमटा दोन्ही हातांनी धरून आडवा हलवला. आता तिथे दुसरे कुणीच नव्हते, ज्याच्यावर आळ घालावा.

लांब बोल्ट बाहेर काढला तेव्हा तो एका जागी झिजून त्याला बोटाला लागेल अशी खाच पडली होती, आणि गंज होता. चिमट्याच्या भोकांतले बुश म्हणजे लोखंडाच्या दोन नळ्या, एकीत एक, आणि मध्ये चिकटवलेले रबर. त्यातल्या डाव्या बुशाचे रबर फाटून नळीपासून सुटले होते. वय, ऊन, काळ्या मातीचा चिखल. रबराला मारायला एवढे पुरते. “हा सुटला की चिमटा आडवा सरकतो,” मिस्त्री म्हणाले. “गाडी सरळ रस्त्यावर कळू देत नाही. पण उसाच्या ट्रॉलीला मागं टाकताना, वाऱ्याचा झोत लागला, की मागचं चाक स्वतःच वळायला बघतं. पुढं तुम्ही हँडल धरलंय. मागं कुणी धरलंय?”

मी आईकडे पाहिले. मागे ती असते.

त्या एका प्रश्नाने माझ्या पोटात खड्डा पडला. नवरात्रापासून आम्ही दोघे दोनदा नगरला जाऊन आलो होतो. इमामपूरच्या घाटात एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला कठडा असताना, आईचा जीव त्या फाटक्या रबराच्या भरवशावर होता. आणि गॅरेजातल्या तरुणाचा सल्ला मानून नवे शॉकअप घातले असते, तर गादी आणखी मऊ झाली असती, आवाज कदाचित थोडा दबला असता, आणि बिजागरी तशीच राहिली असती. आवाज बंद होणे म्हणजे दुखणे बरे होणे नव्हे. उलट अशा वेळी आवाज हाच आपला खरा हितचिंतक असतो. बिचारा बोंबलून सांगत असतो. आपण त्याला तेल घालून गप्प करू पाहतो.

जुने बुश काढायला मिस्त्रींनी हातोडा घेतला नाही. “ठोकून निघतं, पण चिमटा वाकडा होतो. मंग नवं बुश घालून उपयोग काय?” त्यांनी चिमटा पलीकडच्या लेथवाल्याकडे नेऊन प्रेसवर बुश दाबून काढले आणि नवे तसेच दाबून बसवले. दोन्ही बुश बदलले, बोल्ट बदलला, त्याचा नटही नवा घातला. सामान त्याच संध्याकाळी आणले, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार. शिंगणापूर आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर. शनिवारी लोखंड विकत घेण्याची गावाची रीत नाही. मिस्त्री स्वतः हे मानतात की नाही ते मला सांगता येणार नाही; पण गिऱ्हाईक मानते, आणि गिऱ्हाइकाचे मन सैल राहिले तर गाडी घट्ट करून काय लाभ?

बोल्ट घालून झाला. आता आवळायचा. मिस्त्री थांबले. गाडी दोन्ही चाकांवर उभी केली आणि म्हणाले, “मावशी, बसा गाडीवर. सर, तुम्ही पण.”

“आत्ता? दुकानात?”

“व्हय. हे रबराचं बुश फिरत नाही, पिळतं. चाक लोंबत असताना आवळलं, तर माणूस बसल्यावर ते कायमचं पिळलेलं राहणार. आन् वर्षभरात पुन्हा फाटणार. ज्या बैठकीत त्याला जन्म काढायचाय, त्या बैठकीतच आवळायचं.”

दुकानातल्या पोराने स्टूल लावले. आई लिंबाच्या झाडाखाली, बाजारातल्या शंभर माणसांच्या देखत, पदर खोचून मोटारसायकलवर बसली. एक हात माझ्या खांद्यावर. गाडी जागची हलत नव्हती; पण तिचा चेहरा प्रवासाला निघाल्यासारखा होता. मिस्त्रींनी पुस्तकात दिलेल्या मापाला पाना लावून नट आवळला. पान्याने टक् असा आवाज केला. त्या दिवसातला तो पहिला आनंदाचा आवाज.

मला त्यांचे ते वाक्य पुढे कितीतरी दिवस पुरले. घरातली माणसे एकमेकांशी बांधायची ती अशीच असावीत. अगदी लोखंडाला लोखंड भिडवून जखडली तर पहिल्याच खड्ड्यात तडा जातो. मोकळी सोडली तर खटखट सुरू होते. मध्ये थोडे पिळणारे, सोसणारे काही तरी लागते, आणि तेही ज्याचे त्याचे ओझे अंगावर असताना जुळवून घ्यावे लागते. रिकाम्या गाडीवर सगळेच बोल्ट घट्ट वाटतात. सूनबाईंनी ‘फोनवरून ओवाळा’ म्हटले तेव्हा त्यांनाही आईची काळजीच होती. पण ती काळजी आईचे गुडघे मोजत होती, आणि आई भावाची वर्षे मोजत होती. असो. निबंध लिहिणाऱ्याला बोल्टात तत्त्वज्ञान सापडते. मिस्त्रींना त्यात मजुरी सापडली, आणि ती त्यांनी इतकी बेताची सांगितली की शॉकअपच्या जोडीच्या किमतीच्या पाव हिश्शातही सगळे उरकले. निघताना म्हणाले, “पाच-सातशे किलोमीटर झाले की एकदा दाखवून जा. नवं रबर बसतं, तेव्हा नट एकदा बघावा लागतो.”

भाऊबीजेच्या सकाळी थंडी पडली होती. आईने तबक, निरांजन, सुपारी आणि करंज्यांचा डबा एका पिशवीत घेतला होता आणि पिशवी मांडीवर. सौभाग्यवतीने स्वतः तिच्या कानांवरून लोकरी पट्टी बांधली, वर शिरस्त्राण बसवले आणि मला चार वेळा सांगितले, “सावकाश.” वडाळा गेले, नेवासा फाटा गेला. आत वळले की नेवाशाला पैसाचा खांब, जिथे टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर बोलणे केले असे आपण मानतो. आईने तिकडे तोंड करून हात जोडले. म्हणजे माझा खांदा क्षणभर मोकळा सुटला. तेवढा धीर तिला गाडीचा आला होता. एका जागी रस्ता उखडलेला होता. मी कान टवकारले. चाक खड्ड्यात गेले आणि वर आले. धप्. बस्स, एवढेच, मऊ, भरलेला, एकसंध आवाज. मागून आईने काहीही म्हटले नाही. ती गप्प बसली, याहून चांगले प्रमाणपत्र कुठल्या कारखान्याने दिले असते?

मामा ओसरीवर खाटेवर उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली, अंगात नवा सदरा, डोक्यावर टोपी. मामी म्हणाल्या, “पहाटेपासून रस्त्याकडं कान लावून बसलेत. तुमच्या गाडीचा आवाज ओळखतो म्हणतात.” मामांना आता फार बोलता येत नाही. आईने पाट मागितला नाही. खाटेपाशीच उभी राहून तिने निरांजन लावले, कपाळाला कुंकू लावले, अक्षता लावल्या आणि ओवाळले. मामांचा उजवा हात मांडीवर पडून होता. त्यांनी डावा हात उशीखाली घातला, घामाने ओली झालेली एक घडी केलेली नोट काढली, आणि थरथरत्या बोटांनी ती तबकात ठेवली.

मग त्यांनी अंगणातल्या मोटारसायकलकडे बोट केले आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवीत विचारले, “आवाज... गेला?”

“गेला,” आई म्हणाली. “बाबांच्या गाडीसारखाच होता रे. आसाचा.”

आणि मामा, ज्यांना हसू फुटलेले आम्ही तीन वर्षांत पाहिले नव्हते, चेहऱ्याच्या एका बाजूने पोटभर हसले.